झाकणाने हलणारी लाट

मयुरा घाटोळेला कुणाबद्दल आदर वाटायला वेळ लागायचा, आणि वाटलेला आदर उडायला अजिबात लागायचा नाही. नरखेड तालुक्यातल्या तिच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेत विज्ञानाच्या मास्तरांनी सांगितलं, की लोहचुंबक मधोमध तोडलं तर एका तुकड्यात उत्तर ध्रुव राहतो आणि दुसऱ्यात दक्षिण. दुसऱ्या दिवशी हिनं खरंच एक चुंबक फोडून आणलं आणि दोन्ही तुकड्यांना दोन दोन ध्रुव आहेत हे सगळ्या वर्गासमोर दाखवलं. मास्तरांनी तिला बाहेर उभं केलं. बाहेरून खिडकीतून ती त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघत राहिली, त्या नजरेची किंमत त्यांनी वर्षभर वसूल केली.

वडील रुपराव. संत्र्या-मोसंबीची बाग, चांगलं चाललेलं. पोरगी हुशार आहे आणि तोंडाळ आहे, या दोन्ही गोष्टी त्यांनी लवकर मान्य केल्या होत्या. तिला नागपूरला शिकायला ठेवलं. एमएस्सी झाली आणि ती शहराबाहेरच्या एका खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयात पीएचडीला लागली. तिथं तिचे मार्गदर्शक होते डॉ. मधुकरराव काळबांडे.

काळबांडे सर कधी काळी सहा महिने जर्मनीत राहून आले होते. त्याला एक तप उलटलं होतं, पण सरांच्या बोलण्यात ते अजून तिथंच राहत होते. "आम्ही जर्मनीत असताना" असं म्हटल्याशिवाय त्यांना चहात साखर कमी आहे हेसुद्धा सांगता यायचं नाही. तिथं ते जे शिकले, त्यावर त्यांनी पुढचं सगळं आयुष्य काढलं. नवीन शिकण्याची त्यांना गरज पडली नाही, कारण ऐकणारे नवीन मिळत गेले.

विषय मात्र खरा होता, आणि सर तो समजावून सांगायचेही छान. ते म्हणायचे, चुंबकी पदार्थात प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे एक बारीकसं चुंबक. सगळी एका दिशेला तोंड करून उभी. टोकाच्या एकाला धक्का दिला की तो डोलतो, त्यामुळं शेजारचा डोलतो, मग त्याच्या शेजारचा. ज्वारीच्या शेतावरून वारा गेला तर ताटं जागा सोडत नाहीत, पण लाट या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत जाते, तसं. हीच स्पिन वेव्ह. तिच्यातून विजेचा प्रवाह वाहत नाही, म्हणून उष्णता जवळजवळ होत नाही. मोबाइलमध्ये प्रत्येक फ्रिक्वेन्सी-पट्ट्याच्या सिग्नलसाठी वेगळी चाळणी, म्हणजे फिल्टर, लागते. इथं एकच चाळणी पुरते, भोवतालचं चुंबकीय क्षेत्र बदललं की तीच चाळणी दुसरा सिग्नल गाळायला लागते. वीज वाचते, जागा वाचते.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मयुरा भारावली होती. तेवढ्यासाठीच ती त्यांच्याकडे आली.

प्रयोगशाळेत सरांचं एक उपकरण होतं. सोन्याच्या दोन अगदी बारीक तारा, आणि त्यांच्यावर ठेवलेला गार्नेट नावाच्या चुंबकी खनिजाच्या थराचा पिवळसर, काचेसारखा, नखाएवढा तुकडा; त्याला सगळे फिल्म म्हणायचे. एका तारेतून सिग्नल आत जायचा, तुकड्यातून लाट बनून पलीकडे पोचायचा, दुसरी तार तो उचलायची. समोरच्या पडद्यावर टेकडीच्या आकाराची रेघ उमटायची. सर एक मोठं, चकचकीत चुंबक हातात घेऊन जवळ न्यायचे आणि टेकडी पडद्यावर सरकायची. पाहुणे "अरे वा" म्हणायचे. हे वर्षानुवर्षं चाललं होतं. साहिल नावाचा एक विद्यार्थी पाहुण्यांना खुर्च्या द्यायचा आणि सरांच्या विनोदावर विनोद संपायच्या आधी हसायचा. तोही पीएचडीच करत होता, पण तो काय करायचा हे कुणालाच नीट सांगता आलं नसतं.

मयुरानं त्या उपकरणावर दोन वर्षं मोजमापं घेतली. आलेख काढले, परिषदेत जाऊन पोस्टर लावलं.

एके दिवशी सकाळी ती एकटीच होती. तुकड्यावर धूळ बसली होती म्हणून तिनं तो चिमट्यानं उचलून पुसायला बाजूला ठेवला. सहज पडद्याकडे बघितलं. टेकडी होती तशीच होती.

तिला वाटलं, पडदा अडकला. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. टेकडी. तिनं चुंबक जवळ नेलं. टेकडी सरकली. पण लाट ज्याच्यातून जायची तो तुकडाच तिथं नव्हता. शेतच नव्हतं आणि डोलणं चालू होतं.

मग तिच्या डोक्यात आलं, की चुंबकावर निकेलचा मुलामा आहे, ते धातूचं ढेपूळ आहे, आणि कुठलाही धातू जवळ आला तरी असंच होत असेल. चुंबकत्व अजिबात नसलेला धातू हवा होता. पलीकडच्या खोलीत चहाच्या पातेल्यावर जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, झाकण होतं. ते पुसून आणलं आणि तारांजवळ धरलं. टेकडी सुरेख सरकली. झाकण मागे घेतलं, टेकडी मागे आली.

सगळं उघड होतं. सिग्नल एका तारेतून दुसरीत थेट हवेतून उडी मारत होता. लाट-बिट काही नव्हतं. एवढी वर्षं सर जे दाखवत होते, ते दोन तारांमधली गळती होती.

पहिला राग तिला स्वतःचा आला. दोन वर्षांत एकदाही तुकडा उचलून बघायचं सुचलं नाही! शाळेतल्या मास्तरांना तिनं ज्या पायरीवर बसवलं होतं, त्याच पायरीवर आता ती स्वतः जाऊन बसली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत गेली.

"सर, आपल्या उपकरणात स्पिन वेव्ह नाही येऊन राहिली. फिल्म काढली तरी सिग्नल तोच आहे."

सरांनी मान वर केली नाही. "जोडणी सैल असेल."

"जोडणी नीट आहे. जर्मनचं झाकण धरलं तरी टेकडी सरकते."

आता त्यांनी वर बघितलं. "झाकण?"

"चहाच्या पातेल्याचं."

त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि हेच मयुरानं हेरलं. त्यांना आधीपासून माहीत होतं की नाही हे ती कधीच ठरवू शकली नाही. पण माहीत करून घ्यायचं त्यांनी टाळलं होतं, एवढं तिला तिथं उभ्या उभ्या कळलं.

"मयुरा," सर म्हणाले, "पुढच्या महिन्यात मिहानच्या औद्योगिक वसाहतीतून एका कंपनीचे लोक येऊन राहिले आहेत. तू हुशार आहेस. पण संशोधनात हुशारीपेक्षा समज लागते. जर्मनीत आम्ही असताना आमचे प्रोफेसर म्हणायचे..."

ते काय म्हणायचे हे तिनं ऐकून घेतलं नाही. ती उठून गेली.

सरांनी रुपरावांना फोन केला. मुलगी भरकटून राहिली आहे, एकदा येऊन जा. रुपराव संत्र्यांची थैली घेऊन एसटीनं आले. सरांनी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं, आणि आत साहिलशी गप्पा मारत राहिले. हसण्याचा आवाज बाहेर येत होता. मग त्यांना आणि मयुराला आत बोलावलं, थैली टेबलाखाली ठेवायला सांगितली, आणि पोरीच्या तोंडावर बोलले, की काही काही लोकांना मेहनत जमते, विज्ञान जमत नाही, त्यात त्यांचा दोष नसतो. रुपरावांनी हात जोडले.

कॅन्टीनमध्ये मयुरा त्यांच्यावरच उखडली. "हात काहून जोडले तुम्ही त्याले?"

"मोठा माणूस हाये वं तो."

"कशानं मोठा? खोटं दाखवून राहिला बाबा तो. लोकायले खोटं दाखवून राहिला."

"तुले काय करायचं? त्याचं खोटं त्याच्यापाशी. तुह्या कागदावर त्याची सही लागते ना? मंग तोंड बंद ठेव. सही झाली का तू मोकळी."

"मंग माह्या कागदावर पण खोटंच राहीन ना."

रुपरावांनी समोरचा समोसा तिच्याकडे सरकवला. तो तिनं परत सरकवला. वडील असे वाकतात, आणि वाकण्याला शहाणपण समजतात, याची तिला त्या दिवशी किळस आली. ती त्यांना स्टँडवर सोडायलाही गेली नाही.

कंपनीचे लोक आले. चार-पाच जण, इस्त्रीचे शर्ट, गळ्यात पट्टे. त्यांच्यात वंदना डहाके नावाच्या एक इंजिनिअर होत्या, चाळिशीच्या, केस मागे घट्ट बांधलेल्या, आल्यापासून एक शब्द न बोललेल्या. संचालक होते, विभागातले सगळे होते, पुष्पगुच्छ होते. सरांनी ज्वारीच्या शेताचं वर्णन केलं. लोकांनी माना डोलावल्या. मग ते म्हणाले, "आता आमची विद्यार्थिनी दाखवेल." मयुराला समोर उभं करणं हा त्यांचा डाव होता. इतक्या लोकांसमोर पोरगी गुमान चुंबक धरेल, आणि एकदा धरलं की पुढं बोलायचं तोंड राहणार नाही.

मयुरानं चुंबक उचललं नाही. तिनं ओढणीखालून झाकण काढलं आणि तारांजवळ धरलं. टेकडी सरकली.

खोलीत कुणाला काही कळलं नाही.

"हे चहाच्या पातेल्याचं झाकण आहे," ती म्हणाली. "याला चुंबकत्व नसतं. तरी सिग्नल हलतो. आता फिल्म काढते." तिनं चिमट्यानं तुकडा उचलून सगळ्यांना दाखवला. टेकडी तशीच. "म्हणजे यात स्पिन वेव्ह नाही. कधीच नव्हती." मग सरांकडे वळून म्हणाली, "सर, हे झाकणही जर्मनचंच आहे."

साहिल सवयीनं हसला आणि लगेच गप्प झाला.

काळबांडे सरांची खरी हुशारी त्या घटकेला दिसली. क्षणभर त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग ते पुढे आले, मयुराच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसून म्हणाले, "बघितलंत? हीच ती गंमत, जी आम्हाला शेवटी दाखवायची होती. हात न लावता धातूची चाहूल लागते! नुसतं झाकण जवळ आलं तरी उपकरणाला कळतं. किती संवेदनशील आहे बघा. चाळणी तर आहेच, शिवाय हा सेन्सर आहे."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मयुरा झाकण हातात धरून उभी राहिली. तिला वाटलं होतं, सर ओरडतील, हाकलतील, निदान गडबडतील. हे तिच्या कल्पनेत नव्हतं. इतकी शिकलेली माणसं, गळ्यात पट्टे घातलेली, आणि टाळ्या वाजवताहेत! ज्यांना आत्ताच डोळ्यांदेखत दाखवलं, त्यांनाच ऐकायला बरं वाटलं ते खरं वाटलं. तिला सरांपेक्षा त्या हातांची शिसारी आली. फक्त वंदना डहाकेंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. जाताना त्यांनी आपलं कार्ड मयुराच्या टेबलावर ठेवलं.

आठवड्यात पेपरात बातमी आली, नागपूरच्या प्राध्यापकाचा अभिनव धातू-सेन्सर. फोटोत सर आणि झाकण. एका सभागृहात सत्कार झाला, शाल आणि श्रीफळ. साहिलनं सूत्रसंचालन केलं.

सरांनी मयुराचं मार्गदर्शन सोडलं. देवकी मॅडम नावाच्या एका शांत बाईंच्या नावावर तिला टाकलं. मॅडमना भांडण नको होतं, पण सही करायला त्यांची हरकत नव्हती. जागा मिळाली जुन्या सामानाच्या खोलीत. मयुरानं सरांकडे गार्नेटचा तुकडा मागितला. सर म्हणाले, "ने, ने. सेन्सरला तो लागत नाही." हे बोलताना आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

सिग्नल मोजायचं मशीन नव्हतं. तिनं कार्डावरच्या नंबरवर फोन केला. वंदना डहाकेंनी कंपनीतलं जुनं, एक बटण तुटलेलं मशीन पाठवून दिलं. सोबत निरोप, "त्या दिवशी तू धडधडीत दाखवलंस. पण खोटं मोडणं सोपं असतं. आता खरं करून दाखव."

ते सोपं नव्हतं. खोलीत भलंमोठं विद्युतचुंबक पडलेलं होतं. ते चालू केलं की भिंतीतली वायर तापायची आणि थंड ठेवायला नळाचं पाणी सोडावं लागायचं. बागेतल्या विहिरीवरची मोटर जेवढी वीज खाते तेवढी हे खात होतं, कशासाठी, तर वीज वाचवणाऱ्या नखाएवढ्या तुकड्यासाठी. सरांच्या भाषणात ऊर्जाबचत हा शब्द किती वेळा यायचा हे आठवून तिला हसू यायचं. तिनं विद्युतचुंबक बंदच करून टाकलं. दोन लहान कायम चुंबकं एका फिरत्या चकतीवर बसवली, स्क्रू फिरवला की ती जवळ किंवा दूर जातील आणि चकती फिरवली की दिशा बदलेल. ती धरून ठेवायला वीज लागत नव्हती.

मग गळती. दोन तारांच्या मध्ये तांब्याची बारीक भिंत उभी केली, तारा लांब नेल्या, अर्थिंग सुधारलं. टेकडी खचत खचत नाहीशी झाली. पडदा सपाट. कित्येक महिने सपाटच. रुपरावांचा फोन यायचा, "झालं का वं तुहं?" ती म्हणायची, "नाई." त्यांनी पुन्हा सहीचा विषय काढला नाही. एकदा फक्त म्हणाले, "त्या दिवशी हात नोते जोडाले पाह्यजे मी." मयुरा दिवाळीला गावी गेली, आणि बागेत त्यांच्यासोबत हिंडली.

एका दुपारी तारा नव्यानं डकवल्यावर पडद्याच्या तळाशी एक फुगवटा दिसला. मुंगीच्या वारुळाएवढा. तिनं स्क्रू फिरवला. फुगवटा सरकला. तुकडा काढला, फुगवटा गेला. तुकडा ठेवला, आला. तांब्याची पट्टी, पितळेचं कुलूप, ज्याला ज्याला धातू म्हणतात ते सगळं जवळ धरून बघितलं. ढिम्म हलला नाही. आणि सिग्नल उशिरा पोचत होता, हवेतून उडी मारणाऱ्याला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ घेऊन, लाटेच्या चालीनं चालणाऱ्याला लागायलाच हवा तेवढा. चकती पाव फेरा फिरवली तर फुगवटा मूळ जागा सोडून भलत्याच पट्ट्यात उभा राहिला. एकच तुकडा, दोन चाळण्या. ती खुर्चीत बसली आणि बराच वेळ नुसती बसून राहिली.

बातमी विभागात फिरली. काळबांडे सर स्वतः आले. दार न वाजवता आत येऊन पडद्यासमोर उभे राहिले.

"कुठं आहे?"

तिनं बोट ठेवलं.

"हे? इतकंसं?"

त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि तारांजवळ धरला. फुगवटा हलला नाही. त्यांनी तो आणखी जवळ नेला. मग हात खाली घेतला. "उशीर किती दाखवतो?" त्यांनी विचारलं. आवाज वेगळा होता, जर्मनीला जाण्याआधीचा असावा तसा. तिनं सांगितलं. सरांचे ओठ हलले, ते मनात हिशेब करत होते. हिशेब जुळला हे त्यांच्या डोळ्यांत दिसलं.

मयुरानं वाट बघितली. एक शब्द बोलले असते तर तिनं बरंच काही विसरायची तयारी केली असती.

सरांचा फोन वाजला. कुठल्याशा कार्यक्रमाचं निमंत्रण होतं. "हो, हो, सेन्सरवरच बोलतो," ते म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "खरं आहे ते ठीक आहे. पण हे दिसतच नाही कुणाला. याला टाळ्या कोण वाजवणार?"

"कुणी नाही, सर."

"बघ म्हणजे," असं म्हणून ते गेले. आपणच वाद जिंकलो अशा चालीनं गेले. तिनं मागून बघितलं, आणि तिला पहिल्यांदा त्यांचा राग आला नाही. रागावण्याइतकंही तिथं काही उरलं नव्हतं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. तिच्या प्रबंधात खोट्या सिग्नलवर एक अख्खं प्रकरण होतं, नाव कुणाचंही न घेता. परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच विचारले. पदवी मिळाली. देवकी मॅडमनी सही केली आणि पेढा घेतला. समूह फोटोला काळबांडे सर मधोमध उभे होते. मयुरा त्या फोटोत नाही.

पुढं वंदना डहाकेंनी तिला कंपनीत बोलावून घेतलं. पहिल्या दिवशी त्यांनी तिचं उपकरण टेबलावर मांडलं, भिंग लावून तारा बघितल्या, पूर्ण सकाळ स्वतः मोजमाप घेतलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "बेकार आहे हे. आत घातलेल्यातलं बहुतेक सगळं वाटेतच मरतं. तारांचा आकारच चुकला आहे तुझा."

"आकार नाही चुकला. तुकडा जाड आहे," मयुरा म्हणाली.

"आकार चुकला आहे."

"तुकडा."

जेवणाच्या सुट्टीतही दोघी भांडत होत्या. वंदनाताईंनी कागदावर तार काढून दाखवली, मयुरानं ती खोडून दुसरी काढली. आपल्या कामाला इतकी नावं कुणी ठेवली नव्हती, आणि नावं ठेवण्याआधी इतका वेळ कुणी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं. संध्याकाळी ठरलं, की दोन्ही करून बघायचं, आधी तार, मग तुकडा.